उशिरा आलेली माणसं

मिशन दवाखाना, चम्फाई जिल्हा, मिझोराम
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
पल्लवीचा सा. न. आणि प्रभूमध्ये सलाम.

मी पोचले. मिना सिस्टरांनी ऐजॉलहून फोन केला होता, म्हणजे तुम्हाला कळलंच आहे. पण मी स्वतः लिहीन असं म्हटलं होतं, म्हणून लिहिते. दवाखान्यामागच्या टेकडीवर चढलं की इथे फोन लागतो. परवा लावला होता. जेवलीस का, जेवले, तुम्ही जेवलात का, व्हय. आणि मग दोघी गप्प. तुमच्याकडची शेळी ओरडत होती ते ऐकत मी उभी राहिले आणि ठेवून दिला. रविंद्र गेल्यापासून फोनवर आपलं असंच होतं. पत्रात निदान कागद भरेपर्यंत काहीतरी लिहावं लागतं.

गाव डोंगराच्या पाठीवर आहे. घरं लाकडाची, उतारावर खांबांवर उभी. सकाळी ढग खाली दरीत असतात आणि आपण वर. मिना सिस्टर सारखे फोटो काढतात आणि मला दाखवतात. छान आहे एवढं कळतं. त्यापुढे काही होत नाही. इथली नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे, तिच्या जागी मी एप्रिलअखेरपर्यंत. मला पोचवायला आलेल्या मिना सिस्टर पंधरा दिवसांनी हिंगोलीला परततील. काम अवघड नाही. ताप, खोकला, गरोदर बायका, लाकूड तोडताना कापलेले हात. हात आपोआप चालतात.

मी राहते त्या घरच्या म्हातारीचं नाव लालथंगी. इथे मोठ्या बाईला ‘पी’ म्हणतात, म्हणून सगळे तिला पी थंगी म्हणतात. तुमच्याच वयाची असेल, तुमच्यासारखीच कमी बोलते. तिला मराठी येत नाही आणि मला मिझो, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. शेजारची मावी शाळेत शिकवते, तिला हिंदी येतं. फारच अडलं तर तिला बोलावतो. पी थंगी सकाळ-संध्याकाळ भात टाकताना आधी मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते, मग पातेल्यात. मला वाटलं पाखरांसाठी. मावीने सांगितलं की गावातली प्रत्येक बाई असं करते. ते तांदूळ चर्चमध्ये जातात आणि त्यातून दूरच्या गावी सेवेला जाणाऱ्यांचा खर्च निघतो. परवा पी थंगीने डब्याकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे. म्हणजे मी त्या मुठीवर आले आहे.

रविवारी चर्चला गेले. सगळं गाव रस्त्यावर, मला वाटलं कुणाचं लग्न आहे. तुमच्या गोरेगावात उपासनेला किती माणसं असतात असं तिथल्या लोकांनी मावीकरवी विचारलं, तर मी सांगितलं की सगळे आले तर दोन चटया भरतात. ते हसले नाहीत. दोन चटयांसाठी प्रार्थना करू म्हणाले. मग ढोलावर एक गाणं झालं. चाल आपलीच, आपण प्रभुभोजनाच्या वेळी म्हणतो तीच. शब्द त्यांचे. माझे ओठ मराठीत हलत होते हे मला मावीने नंतर सांगितलं. मला कळलं नव्हतं.

जेवणात हळद-तिखट नाही. पालेभाजी नुसती उकडलेली. चहा बिनदुधाचा. मी खाते, काळजी करू नका.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुमची,
पल्लवी


गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
१७ फेब्रुवारी २०२५

चि. पल्लवीस,
पंचफुलाबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र भेटलं. पोस्टमननं शेजारी सोजराच्या हाती दिलं, त्याला वाटलं मला वाचता येत न्हाई. मी सातवी पास हाय अन् बायबल दोनदा पुरं वाचलंय, हे त्याला सोजरानंच सुनावलं. आपली सोजरा बौद्ध असून माझ्या बायबलचा तिला माझ्यापेक्षा जास्त अभिमान.

इकडं हळद काढून राहिले सगळे. गल्लीत हळद शिजल्याचा वास हाय, रस्त्यावर, गच्चीवर सगळं पिवळं. आपल्याकडं काई न्हाई. शेळी बरी हाय. एक पाट झालं तिला, पिल्लू ठणठणीत हाय.

तिकडं डुकराचं मटण खातात म्हणे. तू खाल्लं असशील तर मला सांग, सोजराला मी सांगणार न्हाई. तिला कळलं तर पुऱ्या गोरेगावला कळंल. हळद-तिखट बिगर भाजी खाऊन तुझं तोंड पांढरं पडलं असंल. बजरंगची जीप सेनगावला जाती, तवा त्याच्याकडनं डाकेत मसाला धाडता येतो का इचारते.

तुझा भाऊ आयुष येऊन गेला. मोटरसायकलीवर, भर दुपारी. परभणीत एक शिक्षक हाय म्हणाला, बायको वारलेली, लेकरू न्हाई. पल्लवीचं वय काय, तिनं काहून असं बसून राहायचं, असं म्हणाला. वाईट बोलला न्हाई, आदबीनं बोलला. मी चहा केला. तो म्हणाला, तुमी तिला सांगा, तुमचं ती ऐकती. मी म्हणलं बरं. मी तुला सांगून राहिले. सांगितलं.

मला काय वाटतं ते तू इचारशील. मला काई वाटत न्हाई. राग बी न्हाई. पोरगं गेलं तवापासून माझ्या आत कुणीतरी दार लोटून घेतलंय, बाहीर काय चाललंय ते दिसतं पर ऐकू येत न्हाई. तुझंबी तसंच असंल. म्हून तर आपण दोघी एका घरात बराबर ऱ्हात होतो, कुणी कुणाला रडायला लावलं न्हाई.

पी थंगीला माझा सलाम सांग. मूठभर तांदळाचं वाचून बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे, चांगलं हाय असं ध्यानात आलं.

माया हाय, कमी करू नको.

पंचफुलाबाई


मिशन दवाखाना, चम्फाई जिल्हा
९ मार्च २०२५

ती. आत्याबाईंना,
सा. न. आणि सलाम.

आयुषचं मी आयुषला कळवते, तुम्ही त्यात पडू नका. डुकराचं खाल्लं. एकदाच, पी थंगीने ताटात वाढलं म्हणून. सोजराकाकूंना खुशाल सांगा.

इथे एक गोष्ट झाली, ती लिहायची आहे.

रुआता नावाचा मुलगा होता, पंचविशीतला. तालुक्याहून दवाखान्याची औषधं त्याच्या सुमोने यायची. गेल्या आठवड्यात वळणावर गाडी खाली गेली. लोकांनी त्याला पाठीवर घेऊन वर आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी सलाईन लावलं, रक्त थांबवलं, मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी यायच्या आधी तो गेला. मी सगळं बरोबर केलं. रविंद्रच्या वेळी नांदेडच्या दवाखान्यातही सगळ्यांनी सगळं बरोबर केलं होतं. डेंग्यूत प्लेटलेट कधी द्यायच्या, किती द्यायच्या, मी नर्स आहे, मी उभी राहून बघत होते, काही चुकलं नव्हतं. बरोबर करूनही माणूस जातो, हे मला आता दोनदा दिसलं. मी हात धुतले आणि त्याच्या आईकडे गेले. मला वाटलं होतं की आता तरी माझ्या आत काही हलेल. हललं नाही.

पण पुढचं ऐका. तासाभरात गावातली पोरं जमली. काही जण खड्डा खणायला गेले, काहींनी फळ्या आणून पेटी करायला घेतली. पोरींनी रुआताच्या घरचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चूल, पाणी, भांडी, सगळं त्यांचं. त्याच्या आईला कुणी ऊठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. संध्याकाळी घर भरलं. ढोल मधोमध, आणि संथ गाणी. इतकी संथ की दोन शब्दांमध्ये श्वास घेता येतो. कुणी उपदेश केला नाही. देवाची इच्छा होती, असं कुणीही म्हणालं नाही. नुसतं गायले. दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही. कुणाला शेतावर जायचं होतं, कुणाला शाळेत, तरी संध्याकाळी तिथेच. पोरं रात्री त्या घरीच झोपली.

मीही बसले होते. पी थंगी माझ्या शेजारी. तिने मावीला जवळ बोलावलं आणि विचारलं की हिच्या नवऱ्याच्या वेळी कोण बसलं होतं. मी सांगितलं. पाळकसाहेब सेनगावहून आले, त्यांना दुसरीकडे लग्न होतं म्हणून प्रार्थना करून गेले. आपली दोन चटयांची माणसं होती, पण शेतात फवारणीचे दिवस, ती दुपारनंतर गेली. सोजराकाकूंनी भाकरी-पिठलं आणून ठेवलं. गाणं झालं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. आमच्यात गाणं धरणारा एकच होता, पेटी वाजवणाराही तोच. त्याच्याच मातीला कोण गाणार.

मावीने ते मिझोत सांगितलं. पी थंगीने ते पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे ते राहूनच गेलं आहे. शेतातलं एखादं काम राहिलं म्हणतात तसं म्हणाली. नंतर तिने ते बायकांच्या सभेत सांगितलं, मला न विचारता, आणि बायकांनी आपल्या घरासाठी प्रार्थना केली.

आणखी एक. रजेवरची नर्स परत येणार नाही असं दिसतं. दवाखान्याने मला दोन वर्षं राहता का असं विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही. तुमचं मत कळवा.

तुमच्या मायेला अंतर पडू नये.

पल्लवी


गोरेगाव
२२ मार्च २०२५

चि. पल्लवीस,
आशीर्वाद.

माझ्या घरचं मरण तू पहाडात जाऊन सभेत काहून मांडलं? माझ्या पोराच्या मातीला कोण आलं अन् कोण न्हाई, हे मी सोजरालाबी कधी बोलले न्हाई. आता बिनओळखीच्या बाया त्यावर प्रार्थना करून राहिल्या. त्यांचं मन चांगलं असंल. पर गरिबाला कुणी भाकर दिली तर त्यानं ती गपचूप खावी, का मला भूक हाय म्हून चावडीवर सांगावं?

अन् पाळकसाहेबाला लग्न होतं म्हून लिहिलंस, ते खरं हाय. पर आपल्या दोन चटयांची लाज वाटायला लागली का तुला, तिथलं मोठं चर्च पाहून?

दुसरं ऐक. मी उपासनेला जात न्हाई. नाताळपासून. तू हिंगोलीला ड्यूटीवर असायचीस म्हून तुला दिसलं न्हाई, अन् तू इचारलं न्हाई. देवाशी भांडण न्हाई. तिथं बसलं की पेटीच्या जागी पाट ठेवलेला दिसतो, त्यावर गाण्याची पुस्तकं रचलेली. मी तिकडं पाहात ऱ्हाते अन् उपासना संपती. मग घरीच पाहात बसलेलं काय वाईट.

दोन सालाचं मला इचारू नको. मी र्‍हा म्हणलं तर सासूनं हाकललं असं व्हईल, ये म्हणलं तर सासूनं डांबून ठेवलं असं व्हईल.

पत्र इथंच बंद करते.

पंचफुलाबाई


मिशन दवाखाना, चम्फाई जिल्हा
६ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंना,
सा. न. आणि सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही रागावलात याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं की आत्याबाई रागावल्या, म्हणजे त्यांच्या आत काहीतरी चालू आहे. माझ्या आत तेही नाही. लाजेचं म्हणाल तर ती नाही वाटली. इथे माणसं पुष्कळ आहेत म्हणून ते मोठे आणि आपण दोनच चटया म्हणून लहान, असं पी थंगीच्या डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की रुआताच्या आईला तीन दिवस पाण्याचा हंडा उचलावा लागला नाही. तुम्ही मातीहून आलात आणि आधी शेळीला पाणी पाजलंत. मी पाहात होते आणि उठले नाही.

आता जे लिहिते ते नीट वाचा आणि मगच काय ते ठरवा.

इथल्या चर्चमधून दर वर्षी चार-पाच माणसं बाहेरच्या राज्यात सेवेला जातात. या वर्षी मेळघाटात जाणार आहेत, ईस्टरनंतर. पी थंगीने सभेत सांगितलं की मेळघाट जर महाराष्ट्रात असेल तर गोरेगावही महाराष्ट्रात आहे. तिने नकाशा पाहिलेला नाही. मी अंतर सांगितलं, अकोल्याहून हिंगोलीला गाडी बदलून यावं लागतं, मग जीप, आणि एप्रिलमधलं ऊन. तिने विचारलं की उन्हाने माणूस मरतो का. मी म्हटलं, कधी कधी. ती म्हणाली की मग छत्री घेते.

ती येणार, मावी येणार आणि चर्चची तीन माणसं. प्रचाराला नाही. तुमच्याकडे संध्याकाळी बसायला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे की आत्याबाईंनी नको म्हटलं तर अकोल्याहूनच माघारी फिरायचं. मावीचा नंबर मागे लिहिला आहे. तुम्हाला नको असेल तर सोजराकाकूंच्या फोनवरून एवढंच सांगा, नको. कारण सांगायची गरज नाही, कुणी विचारणार नाही.

मी त्यांच्याबरोबर येऊ शकत नाही. मे अखेरपर्यंत दवाखान्यात दुसरं कुणी नाही, आणि दोन बायका दिवस भरत आलेल्या आहेत. दोन वर्षांना मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

मार्चमध्ये इथे डोंगरावर शेतं जाळतात. सगळीकडे धूर आहे, समोरचा डोंगर दिसत नाही. कामावर जाते, येते, झोपते.

राग असला तरी लोभ असू द्या, एकमेकांच्या आड येत नाहीत ते.

पल्लवी


गोरेगाव
२ मे २०२५

चि. पल्लवीस,
पंचफुलाबाईचे अ. उ. आ. व सलाम.

मी नको म्हणणार होते. सोजराचा फोनबी हातात घेतला. सोजरा म्हणाली, पंचफुला, एवढ्या दुरून कुणी माझ्या घरी बसायला आलं असतं तर मी दारात रांगोळी घातली असती. मी म्हणलं, तू घाल तुझ्या दारात. फोन परत दिला. लावला न्हाई. मंजी मी ये म्हणले असंबी न्हाई. मी काईच म्हणले न्हाई, अन् ती माणसं आली.

बजरंगनं हिंगोली ठेसनावरून आणली जीपमधी. उन्हानं तोंडं लाल झालेली. पी थंगीच्या डोक्यावर ओला टावेल, त्यावर छत्री, अंगावर ती लुंगीवानी विणलेली साडी. जीपमधून उतरून सरळ माझ्या पुढ्यात आली, माझे दोनी हात धरले अन् काईच बोलली न्हाई. मीबी बोलले न्हाई. तू लिहिलं ते बराबर हाय, कमी बोलती. मावी म्हणाली, आमाला पानी द्या. मंग सगळे हसले, मी सोडून.

भाकर अन् ठेचा वाढला. एका माणसाच्या डोळ्याला धार लागली, तरी त्यानं पुरा खाल्ला. पी थंगीनं भाकर हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, मंग मला इशाऱ्यानं थापून दाखव म्हणाली. तिनं थापली ती फाटली. दुसरीबी फाटली. सोजरा पोट धरून हसली. ती म्हातारीबी हसली. दुपारच्याला रविंद्रची माती कुठं हाय ते इचारलं. गेलो. तण वाढलं होतं. म्या काई सांगितलं न्हाई, तरी त्या माणसांनी ते उपटलं, उन्हात. मी झाडाखाली उभी होते.

पहिल्या सांजेला गायले. सोजरा आली होती, अन् आपल्या चटईवरचे दोन-तीन. मी चुलीपाशी बसून ऱ्हायले. गाणं त्यांच्या भाषेतलं, मला काई कळलं न्हाई. एक गाणं मराठीत पाठ करून आणलं होतं, त्यात ‘ळ’ काई त्यांना येईना. ‘जवळ’ला ‘जवल’ म्हणून राहिले. मी आतून सुधारावं म्हणलं, मंग म्हणलं ऱ्हाऊ दे.

दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा झाला. चिनी लोक आलेत पंचफुलाच्या घरी, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, धर्म शिकवायला आलेत. सोजरा ओट्यावर उभी राहिली अन् म्हणाली, हे आपल्याच देशातले लोक हायत अन् रविंद्रसाठी बसायला आलेत. पल्लवी, ‘बसायला आलेत’ म्हणलं अन् सगळ्यांना कळलं. कुणाला काई समजून सांगावं लागलं न्हाई. सांजेला मेंढरंवाली मिराबाई आली, तिच्या मागं गल्लीतल्या साताठ बाया. कुणी भाकरी आणल्या, कुणी वरण. मिराबाई माझ्यापाशी टेकली अन् म्हणाली, बाई, तवा आमी आलो न्हाई. तुमच्यात काय करत्यात ते ठाऊक न्हवतं. मेल्याच्या घरी जावं का न जावं, शिवावं का न शिवावं, तुमच्या देवाला चालतं का न्हाई. म्हून दारापातूर येऊन माघारी गेलो. रविंद्र माझ्या पोराला सायकलीवर शाळंत न्यायचा, अन् आमी माघारी गेलो.

मला हे ठाऊक न्हवतं. मला वाटलं होतं, कुणाला काई पडलेलं न्हाई.

त्या दिवशी मी चुलीपासून उठून भाईर येऊन बसले.

त्यांना ढोल पाहिजे होता. आपल्याकडं कुठला. मिराबाईच्या घरच्यानं, खेमानं, जत्रंतला ढोल आणला. आता तो धनगराचा ढोल, अन् खेमाचा हात गजनृत्याचा. पी थंगी म्हणती हळू, तो वाजवतो जोरात. ती परत हात खाली करून दाखवती, खेमा दोन ठोके हळू मारतो अन् तिसऱ्याला परत उधळतो. शेवटी तिनं त्याचं मनगट धरून ठेवलं अन् गाण्याच्या बराबर सोडत गेली. खेमा म्हणाला, एवढं हळू वाजवायचं मंजी ढोल रडून राहिला असं वाटतं. मावीनं ते तिला सांगितलं. ती म्हणाली, व्हय.

तिसऱ्या सांजेला अंगण भरलं. बौद्धवाड्यातले, धनगरवाड्यातले, बजरंगची म्हातारी आई. आपल्या चटईवरले सगळे. पाळकसाहेबबी आले, मागं बसले, भाषण केलं न्हाई. मिराबाईनं मधीच जात्यावरची ओवी म्हणली, माय-लेकराची, तिला राहवलं न्हाई. पी थंगीला कळंल तरी काय त्यातलं. पर ती संपूस्तर डोळे मिटून बसली अन् मंग पुढचं गाणं त्याच संथ लयीत उचललं.

आता तू इचारशील, आत्याबाई रडल्या का. सोजरा रडली, मिराबाई रडली, आयुष आला होता तोबी डोळे पुसत होता. मी रडले न्हाई. मी झोपले. भिंतीला टेकून बसले होते, गाणं चालू होतं, अन् मला झोप लागली. तुझं लगीन लागलं तवापासून तू मला पाहतीस, मी कधी चारचौघात डोळा मिटला न्हाई. पोरगं गेल्यापासून तर रात्रीबी मी अशी झोपते की पानाचा आवाज झाला तरी उठते. त्या दिवशी ढोल कानाशी वाजून राहिला होता अन् मला कळलं न्हाई. जाग आली तवा चांगलं उजाडलं होतं, अंगावर त्या म्हातारीची शाल, अन् अंगण झाडून लख्ख. शेळीलाबी कुणीतरी पाणी पाजलं होतं.

मला लई शरम वाटली. पोराच्या गाण्यात आई झोपली. मावीजवळ तसं बोलले. तेवढ्यात जीप येऊन थांबली. पी थंगीनं जाताना परत हात धरले.

रविवारी उपासनेला गेले. मागं बसले. तोंड उघडलं न्हाई, पर शेवटपातूर बसले.

आयुषला मी म्हणलं, तिचं ती सांगंल, माझ्याकडं चहाला येत जा. अन् तुला एकच सांगते. आत्याबाई एकट्या हायत म्हून येऊ नको. तसं आलीस तर आपण दोघी परत एकमेकींसमोर गप बसू. यायचं असलं तर ये, ऱ्हायचं असलं तर र्‍हा. सोजरा रोज येऊन बसती, आता मिराबाईबी येती, माझं डोकं उठवतात दोघी.

माया आधी होती तेवढीच हाय, आता जरा दिसंल अशी लिहिली.

तुझी,
आत्याबाई


मिशन दवाखाना, चम्फाई जिल्हा
१६ मे २०२५

ती. आत्याबाईंना,
पल्लवीचा सा. न. आणि सलाम.

पत्र मिळालं. दोन्ही बायका सुखरूप बाळंत झाल्या, एकीला मुलगा, एकीला मुलगी. नवी नर्स महिनाभरासाठी येते आहे, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गोरेगावला येते. महिनाभर राहीन. मग परत इथे, दोन वर्षं. दवाखान्याला हो कळवलं. आयुषलाही लिहिलं. मला इथे बरं वाटतं म्हणून नाही. अजून मला बरं किंवा वाईट असं नीट वाटत नाही. पण इथलं काम मला येतं आणि इथे मला कुणी घाई करत नाही. पी थंगीला मी हे सांगितलं, की तुम्ही इतक्या लांब जाऊन आलात आणि माझ्या आत अजूनही काही हलत नाही. ती म्हणाली की तिचा नवरा गेला तेव्हा तिला तीन पावसाळे लागले होते.

ती माणसं परत आली त्या दिवशी सगळं गाव त्यांच्याभोवती. भाकरी कशी फाटली ते पी थंगीने हातांनी करून दाखवलं. खेमाचा ढोलही. मी ते ऐकून हसले. मावीने माझ्याकडे पाहिलं, मग मलाही लक्षात आलं की मी हसले.

तुम्हाला शरम वाटली ते मी पी थंगीला सांगितलं. तुम्ही रागवाल हे माहीत असून सांगितलं. तुम्हाला झोप लागली तेव्हा मावीला वाटलं होतं की आता आवाज कमी करावा. पी थंगीने करू दिला नाही. उलट खेमाला खूण केली की वाजव. मी विचारलं, असं का. तर तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ती म्हणाली की आम्ही बसतो ते कशासाठी? ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना जागं राहावं लागू नये म्हणून. घरची बाई झोपली की समजायचं, आपण नीट गायलो.

येते आहे. दार उघडं ठेवा, लोभाचं मी काही लिहीत नाही.

तुमची,
पल्लवी